शंभर ग्रॅम जवाचा खेळ: घरगुती ‘रेड एल’ अमेरिकेत छंद आणि महाराष्ट्रात गुन्हा, असं का?

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर ‘घरच्या घरी बिअर’ असं शोधलं, की व्हिडीओंचा ढीग समोर येतो. एक मोठं पातेलं, त्यात उकळणारं तपकिरी पाणी, वरून टाकलेली हिरवी फुलं, मग बुधल्यात फसफसणारा फेस आणि शेवटी सुंदर लालसर रंगाचा भरलेला ग्लास. सगळं मिळून साठ सेकंद.

त्या साठ सेकंदांत दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली म्हणजे, तो लालसर रंग आणि त्याच्यामागची चव पहिल्या फटक्यात जमत नाही. चार-पाच वेळा बनवून, चाखून, वहीत नोंद करून, पुन्हा बनवावं लागतं. दुसरी म्हणजे, हेच पातेलं अमेरिकेतल्या घरात असेल तर तो छंद आहे आणि महाराष्ट्रातल्या घरात असेल तर तो गुन्हा आहे.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे. रेसिपी सुधारायची तर चुकायची मुभा लागते आणि ही मुभा शेवटी कायदा देतो. अमेरिकेने ती १९७८ साली दिली आणि तिथला बिअरचा धंदा बदलून गेला. आपल्याकडे ती नाही. का नाही, आणि असावी का, हे समजून घ्यायला ‘रेड एल’ हे उदाहरण चांगलं आहे. कारण थोडं इकडेतिकडे झालं तरी चूक लगेच ग्लासात दिसते, अशी ही बिअर आहे.

आधी रेड एल म्हणजे काय ते बघू

बिअरची दोन मोठी घराणी आहेत, लागर आणि एल. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या लागरच्या. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला काम करतं. एलचं यीस्ट १८ ते २० अंशांच्या आसपास खूश असतं, त्यामुळे ती घरगुती पातळीवर बनवायला सोपी पडते.

रेड एल ही मूळची आयर्लंडची. किल्केनी शहरातली स्मिथिक्स ही तिथली सर्वात प्रसिद्ध. या ब्रुअरीची सुरुवात १७१० सालची मानली जाते. आता हा ब्रँड डियाजिओ या बड्या कंपनीकडे आहे आणि २०१३ मध्ये किल्केनीतली ब्रुअरी बंद करून उत्पादन डब्लिनला हलवण्यात आलं.

दुसरी गोष्ट आणखी मजेशीर आहे. वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थी गावात लेट कुटुंबाची ब्रुअरी होती. ती १९५६ साली बंद पडली. पुढे त्याच घराण्यातल्या जॉर्ज किलियन लेट यांनी आपल्या बिअरच्या नावाचे हक्क आधी फ्रान्समधल्या पेलफोर्थ कंपनीला आणि नंतर अमेरिकेतल्या कूर्सला दिले. कूर्सने ‘किलियन्स आयरिश रेड’ अमेरिकेत लोकप्रिय केली, पण ती एल नाही, लागर आहे. म्हणजे अमेरिकेतल्या कित्येकांना ‘आयरिश रेड’ची ओळख झाली ती एका लागरमधून. घरी बिअर बनवणारे अमेरिकन पुढे खऱ्या एलच्या मागे लागले.

आता ‘खरी’ कशी ओळखायची? त्यासाठी बीजेसीपी नावाची संस्था आहे. १९८५ पासून ती घरगुती बिअरच्या स्पर्धांसाठी परीक्षक तयार करते आणि प्रत्येक प्रकारच्या बिअरचं वर्णन आकड्यांसह छापते. तिच्या हिशोबाने आयरिश रेड एलमध्ये अल्कोहोल ३.८ ते ५ टक्के, कडवटपणा १८ ते २८ आणि रंग ९ ते १४ या पट्ट्यात असायला हवा. रंगाचं हे माप ‘एसआरएम’ म्हणून ओळखलं जातं. फिकट पिवळी लागर या पट्टीवर २-३ वर असते, तर काळीभोर स्टाउट ३०च्या पुढे.

लक्षात ठेवायचा आकडा हाच: ९ ते १४.

लाल रंग येतो कुठून?

अनेकांना वाटतं, की लाल बिअरमध्ये काहीतरी लाल रंगाचं घालत असतील. तसं काही नाही. सगळा खेळ जवाचा, म्हणजे बार्लीचा.

आपल्याकडे नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करतात. बिअरसाठी जवाचं तेच करतात. मोड आले की दाण्यात स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. मग दाणे भट्टीत वाळवतात. हा झाला माल्ट. तो किती तापवला, यावर त्याचा रंग आणि चव ठरते. रेड एलमध्ये साधारण तीन प्रकारचे दाणे लागतात:

• साधा पेल माल्ट: हलका भाजलेला, फिकट. साखर मुख्यतः यातूनच येते.
• क्रिस्टल माल्ट: ओला असतानाच तापवलेला. दाण्याच्या आतच साखर तयार होऊन तिचं कॅरमेल होतं, त्यामुळे टॉफीसारखा गोडवा येतो.
• भाजलेले जव: मोड न आणता थेट कॉफीच्या बियांसारखे काळे भाजलेले दाणे.

गंमत या तिसऱ्या प्रकारात आहे. भाजलेले जव जास्त घातले तर बिअर काळी आणि कडू होते, गिनेससारखी. पण अगदी थोडे घातले तर चव जेमतेम बदलते आणि रंग मात्र लालबुंद होतो. शेवटी जिभेवर एक कोरडी, भाजकी छटा राहते. तीच आयरिश रेड एलची खूण.

‘थोडे’ म्हणजे किती? घरगुती बिअर बनवणारे रंगाचा अंदाज काढायला एक सोपं सूत्र वापरतात, मोरी यांचं. आपण तेच वापरून बघू. अमेरिकेत घरगुती बिअर बहुतेक वेळा पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या घाण्यात बनते. त्यात ३.६ किलो पेल माल्ट धरू आणि बाकीचे दाणे बदलत जाऊ.

• पहिला प्रयत्न: ५०० ग्रॅम क्रिस्टल, २०० ग्रॅम भाजलेले जव. रंग येतो साधारण १९. ही बिअर कोलासारखी तपकिरी-काळी दिसेल.
• दुसरा प्रयत्न: क्रिस्टल तेवढाच, जव १०० ग्रॅम. रंग १४. लाल दिसायला लागली, पण गोडवा अजून जड.
• तिसरा प्रयत्न: क्रिस्टल २५० ग्रॅम, जव १०० ग्रॅम. रंग साडेबारा. पट्ट्यात बसली.
• आणि जव अजिबातच काढून टाकले तर? रंग थेट ७ वर. ही फक्त सोनेरी-नारिंगी एल झाली, रेड नाही.

म्हणजे जवळपास चार किलो धान्यात शंभर ग्रॅम जव, जेमतेम अडीच टक्के. तेवढ्यावर बिअर सोनेरी होणार, लाल होणार की काळपट, हे ठरतं. नवशिक्यांची नेहमीची चूक इथेच होते. रंग लाल हवा म्हणून ते क्रिस्टल माल्ट वाढवत जातात. त्याने रंग तांबूस-तपकिरी होतो आणि बिअर पाकासारखी गोड लागते. उपाय उलटा आहे: क्रिस्टल कमी करायचा आणि चिमूटभर जव घालायचे.

रंग जमला, चवीचं काय?

रेसिपी म्हणजे फक्त साहित्याची यादी नव्हे. तीच यादी दोन घरांत दोन वेगळ्या बिअर देते. आमटीचं जसं फोडणीवर ठरतं, तसं इथे तापमानावर ठरतं.

पहिलं तापमान दाणे भिजवण्याचं. भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवतात. पाणी ६३-६४ अंशांवर असेल तर एन्झाइम्स अशी साखर बनवतात, जी यीस्ट जवळपास सगळी खाऊन टाकतं. बिअर कोरडी आणि हलकी होते. पाणी ६९-७० अंशांवर गेलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर जड, गोडसर होते. रेड एलसाठी ६६-६७ अंश हा मधला मार्ग मानला जातो. तीन अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण तो जिभेला कळतो.

त्यानंतर तासभर उकळणं. याच वेळी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात. त्यातल्या घटकांचं रूप उकळल्याने बदलतं आणि कडवटपणा येतो. रेड एलमध्ये हॉप्स सुरुवातीलाच घालतात आणि नंतर फारसे घालत नाहीत, कारण इथे फुलांचा वास नको, फक्त माल्टच्या गोडव्याला तोलणारा कडूपणा हवा. अमेरिकन लोक शेवटी भरपूर हॉप्स घालतात, तेव्हा तयार होते ती ‘अमेरिकन अंबर एल’. रंग मिळताजुळता, पण चव संत्र्याच्या सालीकडे किंवा पाइनच्या वासाकडे झुकलेली.

दुसरं तापमान आंबण्याचं. यीस्ट साखर खातं तेव्हा स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे खोली २० अंशांवर असली तरी बुधल्याच्या आत पारा काही अंश वर चढलेला असतो. फार चढला तर फळांसारखा किंवा स्पिरिटसारखा तिखट वास येतो. उलट यीस्टला काम पूर्ण करायच्या आधीच थंड केलं तर लोण्यासारखी चव मागे राहते. तिला डायअसेटिल म्हणतात, पॉपकॉर्नच्या बटर फ्लेवरमधलं तेच रसायन. म्हणून जाणकार शेवटचे दोन-तीन दिवस बुधला किंचित उबदार ठेवतात, म्हणजे यीस्ट ते परत खाऊन टाकतं.

आणि पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या घटकांशी मिळालं की बिअरला दवाखान्याचा वास येतो. हा दोष साहित्य कितीही बदललं तरी जात नाही, कारण तो साहित्यात नसतोच.

‘आधीपेक्षा चांगली झाली’ हे कसं कळणार?

रेसिपी सुधारण्याचा एकच नियम आहे: एका वेळी एकच बदल. क्रिस्टल कमी केला, यीस्ट बदललं आणि पाणीही गाळून घेतलं, मग बिअर सुधारली. पण कशामुळे? काहीच कळलं नाही. पुढच्या वेळी बिघडली तर कशामुळे बिघडली, हेही कळणार नाही.

दुसरी अडचण आपल्या जिभेची. स्वतः महिनाभर खपून बनवलेली बिअर स्वतःला चांगलीच लागते. त्यावर उपाय म्हणून तीन ग्लासांची परीक्षा घेतात. तीनपैकी दोन ग्लासांत जुनी बिअर, एकात नवी. चाखणाऱ्याला न सांगता विचारायचं, की वेगळा ग्लास कोणता. नुसत्या अंदाजानेही तीनपैकी एक जण बरोबर सांगेल. म्हणजे नऊ जण बसले तर तिघांचं उत्तर आपोआप बरोबर येऊ शकतं. नऊपैकी सहा किंवा जास्त जणांनी ओळखलं, तरच फरक खरा आहे असं मानायला आधार मिळतो. अन्नपदार्थांच्या कंपन्याही हीच चाचणी वापरतात.

आता वेळेचा हिशोब करा. बनवणं एक दिवस, आंबणं दोन आठवडे, बाटलीत गॅस धरणं आणखी दोन आठवडे. एक बदल तपासायला महिना. चार बदल म्हणजे चार महिने आणि १९ लिटरचे चार घाणे, त्यातले एक-दोन मोरीत ओतायची तयारी. एवढं सगळं करायचं तर ते उजळ माथ्याने करता यायला हवं.

धोका नेमका कुठे आहे?

घरी बनवलेली बिअर म्हटलं की आपल्याकडे लगेच विषारी दारू आठवते. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण तिचं कारण वेगळं आहे.

बिअर आंबवतात, दारू गाळतात. जव आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होतं. मालवणीसारख्या घटनांत लोक मेले, ते दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. स्वस्तात जास्त नशा विकायची म्हणून ही भेसळ होते. धान्य आंबवल्याने ती होत नाही.

घरगुती बिअरचा खरा धोका काचेचा आहे. बाटलीत गॅस धरावा म्हणून भरताना लिटरमागे पाच-सहा ग्रॅम साखर घालतात. आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटली बंद केली, किंवा साखर जास्त पडली, तर दाब वाढून बाटली फुटते आणि काचा उडतात. म्हणून घनतामापकाचा आकडा सलग दोन-तीन दिवस तोच येईपर्यंत बाटली भरायची नाही, हा नियम आहे. वरच्या तिसऱ्या रेसिपीत घनता साधारण १.०४४ वरून १.०१२ वर येऊन थांबायला हवी. या फरकातूनच अल्कोहोल किती, तेही निघतं: सुमारे ४.२ टक्के. याशिवाय भांडी नीट निर्जंतुक केली नाहीत तर बिअर आंबट होते आणि फेकावी लागते. आणि घरची असली म्हणून बिअरमधलं अल्कोहोल शरीराला कमी अपाय करतं, असंही नाही.

अमेरिकेने काय केलं?

अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन बनवायला परवानगी मिळाली, पण बिअरचा उल्लेख कायद्यात राहून गेला. त्यामुळे पुढची ४५ वर्षं घरी बिअर बनवणं केंद्रीय कायद्याने बेकायदा होतं. लोक बनवत होतेच, पण लपून.

ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरगुती बिअरला कर आणि परवाना यांतून सूट मिळाली. अटी साध्या होत्या. एका प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची नाही. आणि दारू गाळायला या कायद्याने सूट दिली नाही. म्हणजे आंबवणं आणि गाळणं यांत कायद्यानेच रेघ ओढली.

तरी राज्यांचे कायदे वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं तयार झाली ती थेट २०१३ मध्ये. ब्रिटनने हे काम त्याआधीच, १९६३ साली उरकलं होतं. तिथे घरगुती बिअरला लागणारा परवानाच रद्द केला.

परिणाम काय झाला? १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत शंभरापेक्षाही कमी ब्रुअरी उरल्या होत्या आणि बहुतेक सगळ्यांची बिअर एकाच चवीची. आज तिथे नऊ हजारांहून जास्त ब्रुअरी आहेत. या लाटेतले अनेक जण घरच्या पातेल्यावरच शिकले. सिएरा नेवाडा ही आजची मोठी कंपनी सुरू करणारे केन ग्रॉसमन आधी कॅलिफोर्नियातल्या चिको शहरात घरगुती बिअरच्या साहित्याचं दुकान चालवायचे.

अर्थात सगळं गोडगोड नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत नव्याने उघडलेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या. तरुण पिढी कमी पितेय, खर्च वाढलेत. घरगुती बिअरचा छंदही पूर्वीइतका जोरात नाही. दुकानात शंभर चवी मिळायला लागल्यावर स्वतः खपायची गरज कमी होते, हेही त्याचं एक कारण. पण ते दुकान भरलं कोणी, तर याच हौशी लोकांनी.

महाराष्ट्रात कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम लागू आहे. मूळ नाव मुंबई दारूबंदी अधिनियम. नावातच हेतू आहे: हा कायदा दारूचं नियमन करायला नव्हे, तर दारू बंद करायला केलेला. पुढे परवाने आले, दुकानं आली, पण मूळ चौकट तीच राहिली. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद.

या कायद्याच्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय मादक पेय बनवणं गुन्हा आहे. एवढंच नाही, तर ते बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणं बाळगणं हाही गुन्हा आहे. तुरुंगवास आणि दंड, दोन्हींची तरतूद आहे. ‘स्वतःपुरती बनवली, विकली नाही’ म्हणून सूट मिळेल, असं कलम घरगुती बिअरसाठी नाही.

‘हातभट्टीवर छापा, इतके लिटर रसायन नष्ट’ अशी बातमी आपण नेहमी वाचतो. त्यातलं ‘रसायन’ म्हणजे गाळण्यापूर्वीचा आंबवलेला सडवा. कायद्याच्या नजरेत १९ लिटर रेड एलचा बुधला आणि तो सडवा एकाच खणात पडतात. एक प्यायला तयार आहे, दुसऱ्याची दारू गाळून विकायची आहे, हा फरक १९४९ च्या कायद्याने केलेलाच नाही.

त्यामुळे रील बघून कोणी किट मागवायचा विचार करत असेल, तर हे आधी लक्षात घ्यावं. व्हिडीओ ज्या देशात बनलाय, तिथला कायदा तुमच्या स्वयंपाकघराला लागू होत नाही.

भारतात अशी सूट कुठेच नाही, असंही नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासी समाजाला स्वतःच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत मोहाची दारू बनवायची मुभा आहे. तिथे तर गाळण्यालाही सूट आहे. म्हणजे ‘घरापुरती, मर्यादेत, विक्री नाही’ ही कल्पना भारतीय कायद्याला परकी नाही. ती परंपरेच्या आधारावर दिलेली आहे, छंदाच्या आधारावर नाही, इतकंच.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी

सूट न देण्यामागे कारणं आहेत आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत.

पहिलं कारण अंमलबजावणीचं. घरापुरती सूट दिली तर हातभट्टीवाला उद्या म्हणेल, की हा सडवा माझ्या घरच्या बिअरचा आहे. छापा टाकणाऱ्या अधिकाऱ्याने फरक कसा करायचा?

दुसरं कारण सामाजिक. दारूने घरं उद्ध्वस्त झाल्याचा अनुभव महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी घेतलाय. बाटली आडवी करण्यासाठी त्यांनी मतदान घडवून दुकानं बंद पाडली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, तेव्हा केवढा वाद झाला, ते आपण पाहिलं. राज्यघटनेचं कलम ४७ सुद्धा सरकारला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतं. अशा वातावरणात ‘घरी बिअर बनवा’ म्हणणारं विधेयक कोणता आमदार मांडेल?

तिसरं कारण पैशाचं. मद्यावरचं उत्पादन शुल्क हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचं वाढीव उत्पन्न अपेक्षित धरलं. बिअर आणि वाइनला त्या वाढीतून वगळलं होतं. ज्या पदार्थातून एवढा महसूल येतो, तो घरोघरी करमुक्त बनू द्यायला कोणतंही सरकार आधी दहा वेळा विचार करणार.

पण या तिन्ही मुद्द्यांना एक उत्तरही आहे, आणि ते १९७८ च्या अमेरिकन कायद्यात दिसतं. लिटरची मर्यादा, विक्रीला बंदी आणि आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं. बुधल्याजवळ गाळायची भट्टी सापडली तर सूट संपली. शिवाय महसूल आणि दारूबंदी ही दोन कारणं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात, हेही बघायला हवं. एकीकडे दारू कमी व्हावी म्हणायचं आणि दुसरीकडे विक्री वाढेल असं गृहीत धरून अंदाजपत्रक मांडायचं, हा पेच घरगुती बिअरच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

मग इथे नवी रेसिपी कोण शोधणार?

सध्या तरी उत्तर एकच: मायक्रोब्रुअरी. पुण्यात २००९ साली सुरू झालेली डूलाली ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. त्यानंतर पुणे, मुंबई, बंगळुरू, गुरुग्राममध्ये अशा अनेक जागा उघडल्या.

पण तिथला घाणा साधारण पाचशे ते हजार लिटरचा असतो. आपलं शंभर ग्रॅमचं गणित हजार लिटरला लावलं तर सव्वापाच किलो भाजलेले जव होतात. तिथे दुप्पट पडले, तर १९ लिटर नव्हे, हजार लिटर बिअर काळी होते. परवाना, भाडं आणि पगार चालू असताना एवढा धोका पत्करून प्रयोग कोण करणार? म्हणून मेन्यू कार्डावर बहुतेक ठिकाणी त्याच पाच-सहा बिअर दिसतात, आणि रेड एल दिसलीच तर ती परदेशात जमवलेल्या रेसिपीवर बेतलेली असण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेत प्रयोगाचा खर्च हौशी लोकांनी आपल्या खिशातून, १९-१९ लिटरच्या घाण्यांतून उचलला. धंद्याला तयार माणसं आणि तयार रेसिपी आयत्या मिळाल्या. आपल्याकडे ती पायरीच नाही. नाशिकची द्राक्षं, कोकणातलं कोकम, सोलापूरची ज्वारी यांच्यावर आपल्या पद्धतीने काय करता येईल, हे चार लिटरमध्ये चुकून बघायची कायदेशीर जागा इथे कोणाकडे नाही.

गोव्याकडे बघितलं तर फरक कळतो. तिथे काजूची फेणी गाळण्याला परवान्याची पद्धत आहे, पिढ्यान्‌पिढ्या ती बनवणारी कुटुंबं आहेत आणि २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. कायद्याने जागा दिली म्हणून ते ज्ञान टिकलं आणि त्याला नावही मिळालं.

महाराष्ट्राने अशी सूट द्यावी की नाही, हा राजकीय निर्णय आहे, आणि त्यात ज्यांची घरं दारूने पोळली आहेत त्यांचा आवाज आधी ऐकला पाहिजे. पण निर्णय घेताना हातभट्टी आणि हौशी माणसाचा बुधला यांत फरक आहे, एवढं तरी कायद्याला दिसायला हवं. तो दिसत नाही तोवर शंभर ग्रॅम कमी-जास्त करून बघायचा हा खेळ आपण मोबाइलच्या पडद्यावर बघायचा आणि पुढची रील लावायची.